काचा उघडल्या की काटा का फसतो: १९४६च्या एरकूपचे एक प्रकरण

मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरची गवताची धावपट्टी, जुलैतली सकाळ, हवा ३२ अंश. विमान एरकूप ४१५-सी, १९४६ सालचे, ७५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. माणसे दोन, उड्डाण तासाभराचे. दोन हजार फुटांवर स्थिर झाल्यावर दोन्ही बाजूंच्या काचा पूर्ण खाली केल्या. विमान चढले नव्हते, तरी अल्टिमीटरचा, म्हणजे उंचीमापकाचा, काटा एक रेघ वर सरकला. उभ्या वेगाचा, म्हणजे चढ-उताराच्या दराचा, काटा क्षणभर उडून परत शून्यावर आला. दहा मिनिटांनी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे यंत्र ४० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४० भाग) दाखवू लागले. काचा बंद असताना त्यावर ३ होते. हीटर बंदच होता. परतताना काचा उघड्याच ठेवल्या, नेहमीप्रमाणे ताशी ६५ मैलांचा काटा धरून उतरणीला लागले, आणि विमान अपेक्षेपेक्षा बरेच आधी, धावपट्टीच्या अलीकडच्या गवतात धप्पकन टेकले. मोडतोड काही झाली नाही.

हे प्रकरण कोणा एका मालकाचे नाही. उघड्या कॅनोपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या काचेच्या छताच्या, जुन्या हलक्या विमानांत ज्या तक्रारी वारंवार भेटतात, त्या एका उड्डाणात एकत्र बांधल्या आहेत. एरकूपची मापे खरी आहेत, उड्डाणातली वाचने हिशेबाने बसवलेली आहेत. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते ओळखता आले नाही, तर एक दुरुस्त करताना दुसरी वाढते. म्हणून हा सगळा खटाटोप.

विमान

एरकूपचा आराखडा फ्रेड विक यांचा. ते आधी अमेरिकेच्या नाका या संशोधन संस्थेत होते. सामान्य माणसाला सहज उडवता येईल आणि गिरक्या घेत कोसळणार नाही असे विमान त्यांना हवे होते. ते मेरीलँडमधल्याच रिव्हरडेलच्या एर्को कारखान्यात बनले. १९४०मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले, तेही 'गिरकीत जाऊच न शकणारे' या शेऱ्यासह. युद्ध संपल्यावर एकट्या १९४६मध्ये चार हजारांहून जास्त विमाने बाहेर पडली. मेसीजसारख्या मोठ्या दुकानांत ते चक्क विक्रीला ठेवले होते.

मूळ विमानात रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) पेडल नाहीत. एलेरॉन (पंखांच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या), रडर आणि नाकाचे चाक एकाच स्टिअरिंगला जोडलेले. एलिव्हेटर (शेपटीवरची नाक वरखाली करणारी आडवी पट्टी) वर फक्त १३ अंश जातो, कारण नाक फार उचलताच येऊ नये. फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली सोडायच्या पट्ट्या) नाहीत. या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या, कारण धप्पकन टेकण्याचे अर्धे उत्तर त्यांच्यात आहे.

कॅनोपी म्हणजे वाकवलेल्या प्लेक्सिग्लासच्या दोन काचा. डावी आणि उजवी काच डोक्यावर मधोमध भेटतात. खाली सरकवल्या की जुन्या मोटारीच्या दाराच्या काचेसारख्या विमानाच्या बाजूच्या पत्र्याआड जातात. समोरची काच आणि मागची काच जागेवर राहतात. अशा उघड्या स्थितीत उडायला विमानाला मुभा आहे, आणि उन्हाळ्यात एरकूप बाळगण्याचे सुख खरे तर तेच आहे. खांद्यापासून वर सगळे आकाश आणि पंखांच्या पुढे सरळ खाली दिसणारी शेते. हे सुख सोडा असे सांगणे हा या लेखाचा हेतू मुळीच नाही.

उड्डाणाआधीचा हिशेब

४१५-सीचे कमाल वजन १२६० पौंड, म्हणजे सुमारे ५७२ किलो. उदाहरणातल्या विमानाचे रिकामे वजन ८१५ पौंड धरले आहे. प्रत्येक विमानाचे वेगळे असते, ते कागदांवरूनच घ्यायचे. उरले ४४५ पौंड. पंखांतल्या दोन टाक्या प्रत्येकी ९ गॅलनच्या आणि पॅनेलच्या पुढची हेडर टाकी ५ गॅलनची. सगळे भरले तर २३ गॅलन, गॅलनला ६ पौंडांनी १३८ पौंड. मग दोन माणसांना मिळून ३०७ पौंड उरतात. १६५ पौंडांची दोन माणसे, म्हणजे ७५ किलोची, बसली की २३ पौंड जास्त झाले. हेडफोन, यंत्र, पाण्याची बाटली असे १५ पौंड अजून वेगळेच. म्हणून पेट्रोल १६ गॅलनच भरले: हेडर पूर्ण आणि पंखांत मिळून ११. वजन १२५६ पौंड झाले, चार पौंड राखून. ताशी ५ गॅलनने तीन तासांचे इंधन, तासाच्या फेरीला भरपूर.

३२ अंशांत समुद्रसपाटीवरची हवा दोन हजार फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ असते. चढ मंदावतो आणि धावपट्टी लांब लागते. हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून त्यावर इथे थांबत नाही.

काचा उघड्या ठेवून उडायचे तर वजनाइतकीच महत्त्वाची असते सुट्या वस्तूंची झडती. नकाशा, पेन, टोपी, चष्म्याचे कव्हर, सीटमागच्या कप्प्यातली पॉलिथिनची पिशवी, यातले काहीही उडाले तर थेट मागे जाते आणि मागे एरकूपला दोन शेपट्या आहेत. पंख्याच्या झोताच्या बाहेर राहाव्यात म्हणून त्या दोन्ही बाजूंना लावलेल्या आहेत. टोपीला हनुवटीखाली पट्टा हवा, चष्म्याला मागे दोरी. खाली पडलेले पेनही क्षुल्लक समजू नये. कॉकपिटच्या तळाच्या पत्र्याखाली नियंत्रणाची जोडणी असते.

काचांच्या खोबण्या हँगरमध्येच तपासायच्या. दोन्ही काचा दहा-दहा वेळा वरखाली सरकवा. कुठे अडकते, कुठे कडकते ते हाताला लगेच कळते. जुने प्लेक्सिग्लास कडेपासून तडकते आणि तडा बहुतेक खोबणीत लपलेला असतो. खोबणीला ग्रीस लावू नये, धूळ चिकटून लेप बसतो आणि काच ओरखडते. टॉर्च लावून काच जिथे उतरते तो कप्पा तळापर्यंत पाहा. वाळकी पाने, उंदराने आणलेला कापूस, कधी ओलसर माती सापडते. पाणी वाहून जाणारी भोके बुजलेली असली तर पावसाचे पाणी तिथेच साचते. पत्र्यावर राखाडी-पांढरी भुकटी दिसली की गंज लागलेला आहे. एरकूपच्या मधल्या भागातला गंज हा काही वरवरचा विषय नाही.

काच खाली गेल्यावर नेमके काय होते

धावत्या एसटीच्या खिडकीचा पडदा आठवा. वारा आत येऊन पडदा आत फुगायला हवा असे वाटते, पण तो बाहेर ओढला जातो आणि फडफडत राहतो. खिडकीबाहेरून वेगाने जाणारी हवा आतली हवा खेचून नेते, आत दाब कमी होतो. एरकूपमध्ये तेच होते, फक्त जास्त जोराने. समोरच्या काचेच्या कडेवरून हवा उसळून वर जाते आणि कॉकपिटच्या वर उतरत्या दाबाचा पट्टा तयार होतो. म्हणून वारा समोरून तोंडावर आदळत नाही. तो मागून मानेवर येतो, सीटमागून पुढे वाहतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला याचे आश्चर्य वाटते. कॉकपिट हे आता वरून चोखले जाणारे भांडे झालेले असते, आणि भांड्याला खालून जिथे म्हणून छिद्र असेल तिथून हवा आत येते.

आता या विमानातला तपशील असा की त्याची स्टॅटिक नळी, म्हणजे बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणारी नळी, पॅनेलमागे केबिनमध्येच उघडी होती. जुन्या हलक्या विमानांत ही पद्धत आढळते. तुमच्या विमानात काय आहे ते नळी हाताने धरून शेवटपर्यंत माग काढल्याशिवाय समजत नाही. अल्टिमीटर आणि वेगमापक दोघांनाही तीच नळी 'बाहेर' वाटते. केबिनमधला दाब उतरला की अल्टिमीटरला वाटते विमान वर गेले. वेगमापक पिटोच्या, म्हणजे समोरून येणारा वारा घेणाऱ्या नळीच्या, दाबातून स्टॅटिकचा दाब वजा करतो. वजा करायचा आकडा लहान झाल्यावर उत्तर मोठे येते, आणि वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

किती जास्त? समजा केबिनचा दाब वाऱ्याच्या गतिक दाबाच्या (वेगामुळे येणाऱ्या दाबाच्या) १० टक्क्यांनी उतरला. वेगाचा संबंध वर्गमुळाशी असल्याने काटा सुमारे ५ टक्के जास्त दाखवतो. खरा ७६ असताना ८० दिसतो. त्याच वेळी अल्टिमीटर २० फुटांच्या आसपास वर चढतो. जुन्या अल्टिमीटरवर एक रेघ म्हणजे २० फूट, तीच सरकलेली रेघ. वीस फुटांनी काही बिघडत नाही, पण ती रेघ हा पुरावा आहे. काच उघडताना अल्टिमीटर हलला तर वेगाचा काटाही खोटे बोलतो आहे, हे जागच्या जागी कळते.

इथे एक फसवा मामला आहे. काचा उघडल्यावर हवेची ओढही वाढते, विमान थोडे मंदावते. म्हणजे खरा वेग घटत असतो आणि चूक काट्याला वर ढकलत असते. दोन्ही एकमेकांना झाकतात, काटा जवळजवळ जागेवरच राहतो. वैमानिकाला वाटते काचा उघडल्याने काहीच फरक पडला नाही.

धप्पकन का टेकले

पहिला संशय वाऱ्यावर गेला: जमिनीजवळ समोरचा वारा पडला असावा. तसे होतेही. पण हिशेब मांडला की ६५चा काटा म्हणजे खरे ६२ मैल. दुसऱ्या एखाद्या हलक्या विमानात तीन मैलांनी फार काही होत नाही. एरकूपमध्ये होते. कारण हा स्टॉलमध्ये (वेग घटून पंखांची उचल सुटते तेव्हा) नाक पाडून इशारा देत नाही, नाक वर ठेवूनच खाली बसत जातो. वेग कमी तितका खाली जाण्याचा दर वाढतो, आणि टेकण्याआधी नाक उचलून तो दर मोडायला एलिव्हेटरचे १३ अंश पुरत नाहीत. शिवाय पेडल नसल्याने बाजूला घसरवत उंची कमी करता येत नाही आणि फ्लॅपही नाहीत. म्हणून मुरलेले वैमानिक उंची जास्त झाली की वेग कमी करून विमान बसू देतात आणि जमीन जवळ येण्याआधी नाक खाली करून वेग परत मिळवतात. ही चांगली रीत आहे, पण ती सगळी वेगाच्या काट्यावर चालते. काटा तीन-चार मैल खोटा असेल, तर वेग परत मिळवायला जी उंची हाताशी असायला हवी ती आधीच खर्च झालेली असते.

काटा तपासण्याची पद्धत

जीपीएस आणि एक मदतनीस पुरेसा. सकाळी शांत हवेत दोन हजार फुटांवर जा. काचा बंद ठेवून काट्यावर ८० स्थिर करा आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या चार दिशांना नाक ठेवून प्रत्येकी अर्धा मिनिट उडा. प्रत्येक दिशेचा जमिनीवरचा वेग लिहा आणि चारांची सरासरी घ्या. ताशी १२ मैलांचा वारा असला तरी या सरासरीत अर्ध्या मैलाहून कमी चूक राहते. मग काचा उघडून, पॉवर थोडी वाढवून, परत काट्यावर ८० धरा आणि तेच चार फेरे. नकाशावरचा वेग किंवा मार्ग धरू नका, कंपासवरचे नाक धरा. नोंदी मदतनिसाने घ्याव्यात. उघड्या कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या मांडीवर कागद टिकत नाही.

या विमानात बंद काचांची सरासरी ८५ आली. तापमान २८ अंश आणि उंची दोन हजार फूट धरल्यास खरा हवाई वेग (विरळ हवेतून विमान प्रत्यक्ष जाते तो) कॅलिब्रेटेड वेगाच्या (चूक नसलेला काटा दाखवील त्याच्या) १.०६ पट असतो, ८०ला ८५ हे बरोबर जुळते. उघड्या काचांची सरासरी ८१. भागिले १.०६, म्हणजे ७६. चार मैलांचा खोटेपणा इथे सापडला. त्याच प्रमाणात ७०चा काटा म्हणजे ६७.

४० पीपीएम कुठून आले

एक्झॉस्टचा धूर इंजिनखालून निघून विमानाच्या पोटाला चिकटून मागे जातो. काचा बंद असताना तो बाहेरच राहतो. वरून चोखायला सुरुवात झाली की तो आत यायला वाटा शोधतो. फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतल्या, केबलींची भोके, पंखाच्या मुळाशी असलेल्या फटी, शेपटीकडून पुढे येणारा पोकळ भाग. मानेवर येणारा तो सुखद वारा शेपटीकडून आलेला असेल, तर त्यात धूरही आहे. उघड्या कॉकपिटमध्ये ताजी हवा भरपूर असणार, गॅसची भीती कसली, हा समज सर्वांत घातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरते. विमान उतरल्यावर साध्या हवेत तो निम्मा व्हायलाही चार-पाच तास लागतात. पुढच्या फेरीला माणूस आधीच अर्धा भरलेला असतो.

रंग बदलणारे चिकट कार्ड या कामाला कमी पडते. ते उघडल्यावर काही महिन्यांत निकामी होते आणि आकडा दाखवत नाही. घरात लावायचा अलार्मही चालत नाही. ७० पीपीएमला तो तासाभराच्या आत बहुधा वाजतच नाही. आकडा दाखवणारे यंत्र घ्या आणि छातीच्या उंचीवर बांधा. ३५ ओलांडले की काचांची स्थिती बदलून पाहा. पाच मिनिटांत आकडा खाली आला नाही तर विमान उतरवा. डोके जड वाटत असेल तर आकड्याची वाट पाहू नका.

शोध दोन टप्प्यांत घेतला जातो. पहिला एक्झॉस्टचा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी नळी एक्झॉस्टच्या तोंडाला कापडाने घट्ट बसवायची, सांध्यांवर आणि हीटरच्या आवरणाखालच्या पाइपावर साबणाचे पाणी फवारायचे. जिथे फुगे येतील तिथे चीर. उदाहरणातल्या विमानात फुगे आले नाहीत, एक्झॉस्ट धड होता. दुसरा टप्पा हँगरचा दरवाजा लावून अंधारात. इंजिनच्या बाजूने फायरवॉलवर तेज दिवा धरायचा आणि दुसऱ्याने पॅनेलखाली आडवे पडून पाहायचे. थ्रॉटलच्या केबलीभोवती नखाएवढी चंद्रकोर चमकली. तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचे कडे) वाळून कडक होऊन एका बाजूने गळून पडला होता. बोट लावताच उरलेलाही खडूसारखा चुरला. अशीच दोन रिकामी भोके आणखी सापडली, कधी काळी काढून टाकलेल्या यंत्रांच्या तारांची.

भोके मेकॅनिककडून फायरवॉलसाठीच्या उष्णतारोधक सीलंटने आणि स्टेनलेसच्या चकत्यांनी बंद करून घ्यायची. बाथरूमचा सिलिकॉन आगीपुढे टिकत नाही. पंखाच्या मुळाच्या फटींवरचे रबर नवे बसवायचे. हे करताना हेडर टाकीचे सांधेही हुंगून पाहा. ती टाकी फायरवॉल आणि पॅनेलच्या मध्येच बसते आणि काचा उघड्या असताना पेट्रोलची वाफही याच वाटेने नाकाशी येते.

रेडिओ

वाऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरला की समोरच्याला फक्त खरखर ऐकू येते. माइकवर जाड फोमची टोपी हवी आणि तो ओठाला जवळपास टेकलेला. इंटरकॉमचा स्क्वेल्च (बारीक आवाज गाळणारी मर्यादा) वाढवा. हेडफोनखाली कापसाचे नव्हे, फोमचे बोळे घाला. एवढे करूनही समजत नसेल तर बोलण्यापुरती आपल्या बाजूची काच वर घ्या.

काचा कधी आणि कशा

उघडताना वेग ८०-९०वर आणा, आधी एक काच हातभर, मग पूर्ण, मग दुसरी. अर्धवट स्थितीत ठेवू नका, काच थरथरते आणि जुना तडा वाढतो. शेजाऱ्याला आधीच सांगा: हात आत, काही दाखवायचे तर बोटाने, कागदाने नाही.

उतरताना काचा उघड्या असाव्यात की बंद, यावर दोन्ही मते आहेत. आमचे मत असे: कुठलीही चालेल, पण उतरण्यासाठी धावपट्टीभोवतीच्या वर्तुळात शिरताना जी स्थिती असेल तीच टेकेपर्यंत ठेवा. शेवटच्या टप्प्यात काच सरकवली की काट्याचा अर्थच बदलतो, आणि तेव्हा कोणाला हिशेब करायला वेळ नसतो. इंजिन बंद पडून शेतात उतरावे लागले, तर मात्र काचा आधीच उघडायच्या. चौकट वाकली तर नंतर त्या सरकत नाहीत. त्या प्रसंगी उघड्या काचांचा आकडाच लागतो, म्हणून तो पॅनेलवर लिहिलेला हवा.

कायमचा उपाय म्हणजे स्टॅटिकचे तोंड विमानाच्या बाहेर योग्य जागी काढणे. ते मान्यताप्राप्त आराखड्याने आणि कागदोपत्री नोंदीसह मेकॅनिकनेच करायचे. तोवर पॅनेलवर छोटी पट्टी चालते: 'काचा उघड्या – ७० म्हणजे ६७'.

भोके बुजवल्यावर हेच विमान तोच मार्ग पुन्हा उडवले. काचा उघड्या असताना यंत्रावर ६ पीपीएम. पण चार दिशांची वेगचाचणीही पुन्हा घेतली गेली, आणि ती घ्यायलाच हवी होती. खालून येणारी हवा अडल्याने वरचे चोखणे आता केबिनचा दाब आणखी उतरवू लागले होते. काट्यावर ८० असताना सरासरी ८१वरून ८०वर आली. १.०६ने भागून कॅलिब्रेटेड वेग साडेपंचाहत्तर. पॅनेलवरची पट्टी बदलावी लागली: 'काचा उघड्या – ७० म्हणजे ६६'.